वरच्या ओळीतलं मरण

कासार आंबोलीच्या बौद्धवाडीत ओव्हाळांची घरं पाच-सहा, पण त्यांतल्या एकाच घराला गावानं वेगळं नाव ठेवलं होतं. ते घर पळ्याचं. पळ्याचा कोंडीराम, त्याचा मुलगा पळ्याचा विश्राम, आणि विश्रामची मुलगी पळ्याची तृप्ती. नाव ठेवणारे कधीच मातीआड झाले, ठेवलेलं नाव मात्र मरायला तयार नव्हतं. आपल्याकडे कुणाचं घर शाकारायला बोलावलं तर माणसं कामं सांगतात, आणि नाव ठेवायचं म्हटलं की अख्खं गाव फुकटात राबतं.

नावामागची गोष्ट वाडीत पोराबाळांनाही पाठ होती. कोंडीरामचा बाप भिवाजी पहिल्या महायुद्धात मजूर पलटणीतून इराकातल्या बसऱ्याला गेला. वाडीतले आणखी चौघे त्याच्याबरोबर होते. दोघे परत आले आणि दोघे मेल्याचे सरकारी कागद आले. भिवाजीचा ना कागद आला, ना भिवाजी. परत आलेल्यांतला एक जण म्हणाला, की एके सकाळी भिवाजी हजेरीला नव्हता. तो एवढंच म्हणाला होता. बाकीचा मसाला गावानं घातला. भ्याला, पळाला, पोटुशी बायको टाकून पळाला. भिवाजी गावातून निघाला तेव्हा कोंडीराम आईच्या पोटात होता. रंभाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही, आणि त्यावरूनही लोक बोललेच.

तृप्तीला हे नाव पहिल्यांदा बोचलं ते शाळेत. तालुक्याच्या शर्यतीत ती पहिली आली आणि मागून एक पोरगा ओरडला, "पळ्याची पोर, ती पळणारच!" सगळे खिदळले. तिनं त्यानंतर कधी शर्यतीत नाव दिलं नाही. गुरुजींना वाटलं पोरगी आळशी आहे.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. तृप्ती तेव्हा बावीस वर्षांची होती, हिंजवडीतल्या एका कंपनीत डेटा एंट्रीला होती आणि बाहेरून इतिहासात एम.ए. करत होती. कंपनीची गाडी पिरंगुटला यायची आणि घोटावड्यावरून माणमार्गे हिंजवडीला जायची. गाडीत बाकीच्या पोरी झोपा काढायच्या, ही मांडीवर नोट्स घेऊन बसायची. इतिहास कशाला घेतलास, त्यात नोकरी नाही, असं तिला येता-जाता कुणीही सांगे. तीही हसून सोडून देई. खरं कारण सांगायची तिला लाज वाटायची. तिला तो एक डाग पुसायचा होता.

त्या वर्षी वाडीनं ठरवलं, की विहारात संगमरवरी फळा बसवायचा आणि युद्धावर गेलेल्या वाडीतल्या माणसांची नावं त्यावर कोरायची. समितीचा अध्यक्ष गेणबा, खडकीला नोकरी करून रिटायर झालेला, बोलायला फटकळ. विश्राम बैठकीला गेला आणि म्हणाला, "आमच्या भिवाजीचं नाव बी घ्या."

गेणबा म्हणाला, "घेतो की. पुरावा आण. दोघं मेलं त्येंचे कागद हायेत, दोघं आलं त्येंचे बिल्ले हायेत. तुज्या आज्याचं काय हाय? फळा बुद्धाच्या म्होरं लागणार हाय. पळालेल्याचं नाव त्येच्यावर न्हाई लागायचं."

विश्राम पिरंगुटच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा, शांत माणूस. तो घरी आला आणि जेवायला बसलाच नाही. प्रभावतीनं, त्याच्या बायकोनं, दोनदा हाक मारली तेव्हा तो तृप्तीवरच उखडला. "इतिहास शिकतीस न्हवं? शिवाजीचा शिकलीस, इंग्रजांचा शिकलीस. आपल्या घरचा कवा शिकणार?"

कोपऱ्यात कोंडीराम बसला होता. नव्वदीला टेकलेला म्हातारा, पण कान शाबूत. तो म्हणाला, "पोरी, माजा बाप कुटं गेला तेवडं बग. चांगलं निगू दे न्हाईतर वाईट. पर बग."

तृप्तीनं ते ऐकलं, पण तरुण माणसं ऐकतात तसं, अर्धं. म्हाताऱ्याला बापाची अब्रू परत पाहिजे, एवढाच अर्थ तिनं त्यातून घेतला.

तिच्या एम.ए.च्या वर्गाला दर रविवारी हेमलता मॅडम शिकवायच्या. पन्नाशीच्या, कडक, आणि मूळ साधनांच्या बाबतीत सोवळ्यातल्या बाईसारख्या कर्मठ. "पुस्तकात लिहिलंय हा पुरावा नव्हे. आजोबा सांगतात हाही पुरावा नव्हे. त्या वेळचा कागद, त्या वेळी लिहिणाऱ्या माणसानं लिहिलेला, तो काढा. आता घरबसल्या जगातली दप्तरं उघडतात, तुम्हाला सबब नाही." तृप्तीनं त्यांना सगळं सांगितलं तेव्हा मॅडमनी तिच्या वहीत चार-पाच संकेतस्थळांचे पत्ते लिहून दिले.

पिरंगुटच्या सायबर कॅफेत ती त्या पत्त्यांवर जाऊ लागली. शेजारच्या खुर्च्यांवर पोरं गाड्यांचे गेम खेळत असायची. युद्धात मेलेल्यांच्या थडग्यांची एक मोठी यादी होती. तिच्यात तिनं भिवा घातलं, भिवाजी घातलं, भिवनाक घातलं, कारण जुन्या काळी आपल्या माणसांची नावं तशी लिहीत हे तिला ठाऊक होतं. भिवे पुष्कळ निघाले, पण त्यांतला एकही आंबोलीचा नव्हता. शेवटी विलायतेतल्या एका दप्तरखान्याच्या सूचीत तिला एक नोंद दिसली. बसऱ्याच्या मजूर पलटणींच्या हजेऱ्या, मुंबई इलाखा. मूळ कागद जीर्ण असल्यानं पाहायला मिळणार नाहीत, संगणकावर चढवण्याचं काम चालू आहे, लवकरच उपलब्ध होईल.

त्या दप्तरखान्याचं नाव तिनं कुठंतरी वाचलं होतं. आठवायला रात्र गेली. सकाळी कामावर पोचली आणि समोरच दिसलं. त्यांच्याच हॉलमध्ये, खिडकीकडच्या आठ टेबलांवर, त्याच नावाची पाटी चिकटवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. साहेबाच्या देशातले कागद वाचायचे, तर साहेबाला ते हिंजवडीत स्वस्तात पडत होतं.

त्या टेबलांवर जायला कुणी राजी नसायचं. जुनं वळणदार अक्षर लागता लागत नाही, दिवसाचा कोटा पुरा होत नाही. तृप्ती आपण होऊन सुपरवायझर कल्पनाकडे गेली तेव्हा कल्पनानं तिला वेड्यात काढलं आणि लगेच बदली करून टाकली. त्या कामाचे नियम सोपे होते. दिसतं तेच टाइप करायचं, आपल्याला काय कळतं ते नाही. आणि एकच पान दोन माणसांकडे जायचं. दोघांनी एकमेकांना न विचारता टाइप करायचं, मग मशीन दोन्ही ताडून बघायचं. जुळलं की ती नोंद खरी धरायची. नाही जुळलं तर पान तिसऱ्याकडे जायचं. आपल्याबरोबर तेच पान कुणाकडे आहे हे कळता कामा नये असा नियम होता, पण आठच माणसांत तो पाळणार कोण? चहाला उठलं, की कोण कुठल्या पानावर अडलंय याचीच चर्चा.

तृप्तीच्या पानांचा जोडीदार होता मनीष, यवतमाळकडचा, महाळुंग्याला तिघांबरोबर खोली करून राहणारा. स्वभावानं भाबडा आणि टायपिंगला वाघ.

पावसाळा सरता सरता भिवाजी सापडला. स्क्रीनवर पिवळट पान उघडलं आणि मधल्या रकान्यात आंबोली दिसलं. पेटा मुळशी, तालुका हवेली, जिल्हा पुणे. नाव भिवा, बापाचं नाव गोंदा, जात, उंची, डाव्या गालावर व्रण. गालावरचा व्रण घरात कुणालाच माहीत नव्हता. तिनं स्क्रीनला बोट लावलं. पणजोबाला पाहिल्यासारखं वाटलं तिला, आणि तो आनंद खरा होता, तो तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये.

मग तिनं शेवटचा रकाना वाचला. डेझर्टेड. ऑगस्ट १९१८. नॉट ट्रेस्ड. म्हणजे पळून गेला, आणि सापडला नाही.

गाव नव्वद वर्षं बोलत होतं ते खरंच होतं. लाल शाईनं लिहिलं होतं, तेही सुवाच्य. एरवी या कारकुनांचं अक्षर कावळ्याचा पाय, पण ही एकच ओळ अशी घोटून काढली होती, की न वाचायची सोय नव्हती. तृप्तीला शाळेतलं ते खिदळणं ऐकू आलं. बाप ताटावरून उठलेला दिसला. आणि हा कागद उद्या जगापुढे जाणार, गेणबाच्या नातवालाही तो कॅफेत बसून वाचता येणार. पुरावा शोधायला निघाली होती ती घराच्या बदनामीवर शिक्का मारून घेऊन येणार होती.

त्याच्या वरच्या ओळीत घोटावड्याचा कुणी एक होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, मयत, न्यूमोनिया, बसऱ्याचं इस्पितळ, जून १९१८. दोन ओळींत बोटभरही अंतर नव्हतं.

चहाला मनीषनं विचारलं, "काय झालं व तृप्ती? तोंड काऊन उतरलं?"

तिनं सांगितलं. नाव, फळा, गेणबा, सगळं. शेवटी ती म्हणाली, "मनीष, ते पान तुझ्याकडेही येणार आहे. मी वरच्या ओळीतलं खाली घेणार आहे. तू पण घे."

मनीषचा चहा हातातच राहिला. "पण हे खोटं होते ना व."

"खोटं कसलं? नव्वद वर्षं झाली. कुठंतरी मेलाच असेल ना तो? मी फक्त जागा सांगतेय."

"अन् कोनं धरलं तं?"

"कोण धरणार? कागद जीर्ण आहे, ते कुणाला दाखवणारच नाहीत. आपण दोघं जे लिहू तेच राहणार."

ती हे म्हणाली आणि तिची तिलाच हेमलता मॅडम आठवल्या. पण गरजवंताला अक्कल नसते, आणि इथं गरज तर तीन पिढ्यांची होती. मनीषनं चहा संपवला. मग म्हणाला, "माह्या पणजोबाचं असतं तं म्याही हेच केलं असतं. करतो. पण पुन्हा मले असं काही सांगू नको."

तृप्तीनं टाइप केलं. मयत, न्यूमोनिया, बसऱ्याचं इस्पितळ. तारीख तेवढी दोन दिवसांनी पुढं ढकलली, दोघांचं मरण एकाच दिवशी नको म्हणून. तिनं सांगितलेल्या तारखेसकट मनीषनं तेच टाइप केलं. मशीननं ताडून पाहिलं आणि पान हिरवं झालं. इतकं सोपं होतं ते.

घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. नेटवर येऊ दे, छापील हातात पडू दे, मगच सांगायचं असं ठरवलं. पुढल्या जानेवारीत हजेऱ्या संकेतस्थळावर आल्या. तिनं पिरंगुटला पान छापून घेतलं आणि आधी बापाच्या हातात दिलं. विश्रामला इंग्रजी येत नव्हतं, तरी त्यानं तो कागद उभा-आडवा धरून पाहिला आणि तसाच चपला न घालता गेणबाकडे गेला. गेणबानं आपल्या नातवाकडून कॅफेत खात्री करून घेतली. नातू म्हणाला, व्हय, हाय. गेणबा स्वतः घरी आला आणि विश्रामला म्हणाला, "माफी कर. आमी लई बोललो." संगमरवरवाल्याला त्याच आठवड्यात नाव दिलं गेलं. प्रभावतीनं वाडीत घरोघर लाडू वाटले. तृप्तीचे पाय त्या दिवसांत जमिनीला लागत नव्हते.

या सगळ्या गडबडीत म्हाताऱ्याला कुणी नीट वाचून दाखवलंच नव्हतं. त्याला आपलं सांगितलं होतं, की भिवाजीचं नाव सापडलं, फळ्यावर लागणार. रविवारी तृप्ती कागद घेऊन ओट्यावर गेली. कोंडीराम उन्हाला पाठ देऊन वाल सोलत होता.

"आजा, वाचून दाखवू?"

"वाच." त्यानं सूप बाजूला सारलं.

तिनं मराठी करून वाचलं. नाव, बापाचं नाव, गाव. गालावरचा व्रण ऐकून म्हातारा हसला. "डाव्या का? माज्या बी डाव्याच गालाला खळी हाय." मग तिनं शेवटचा रकाना वाचला. मयत, बसऱ्याच्या इस्पितळात, न्यूमोनियानं.

"कवा?"

"अठरा साली. जूनमध्ये."

कोंडीरामनं बोटांवर काहीतरी जुळवलं. "मंजी मी मांडीवर हुतो तवा?"

"हो."

"लगीच मेला?"

तो 'लगीच' तिला कळेना. ती म्हणाली, "आजा, आता आपल्याला कुणी पळ्याचे म्हणणार नाही."

म्हातारा समोरच्या रस्त्याकडे बघू लागला. मग बोलला ते तिच्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं. "आई म्हणायची, कोंड्या, लोकं पळ्याचा म्हणत्यात तर म्हणू दे. पळतो त्योच जगतो. तुजा बा पळाला, मंजी जिता हाय. मेला आसता तर कागद आला आसता. म्हणून तिनं कुकू न्हाई पुसलं. मला कुणी पळ्याचा म्हनून हाक मारली, का मला बरं वाटायचं बग. वाटायचं, चला, हाय."

तृप्तीनं हातातला कागद घडी करून मिटला.

"तितं खजुराच्या बागा हायेत म्हणत्यात," तो म्हणाला. "म्या ठरवलं हुतं, बागंतच राहिला आसंल. हातानं कामाचा हुता त्यो. तितलीच एक बाई केली आसंल. पोरं झाली आसतील. माजी भावंडं. आता बा थोडाच हाय, त्यो म्हातारा हून गेला आसंल कवाच. पर भावंडं? त्येंची पोरं? मागं टीवीवर बसऱ्यावर बाँब पडताना दावत हुते, तवा तुमी मला हसलात. म्या बगत हुतो कुणाच्या गालाला खळी हाय का."

तेव्हा ते खरंच हसले होते. म्हातारा टीव्हीला नाक लावून बसायचा आणि प्रभावती म्हणायची, मामंजींना लढाईचं याड लागलंय. तृप्तीला आता त्या हसण्याची इतकी शरम वाटली, की तिला ओट्यावर बसवेना.

"न्हाई पळाला मंजी," म्हातारा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा मात्र एकाएकी पार म्हाताऱ्याचा झाला होता, नव्वद वर्षांत झाला नव्हता तेवढा. "गेला तसाच मेला. हिकडं मी वाट बगतुया, आन् त्यो मी रांगायच्या आदीच मेल्याला."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून सोडून देता येईल इतकी ही हलकी गोष्ट नव्हती. तृप्ती त्याच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. लाल शाई, वरची ओळ, मनीष, हिरवं झालेलं पान. "आजा, ते खोटं आहे. मी लिहिलंय. खऱ्या कागदावर लिहिलंय की ते पळाले आणि सापडले नाहीत. ऑगस्टात पळाले. जूनमध्ये जिवंत होते. शप्पत सांगते."

कोंडीरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माज्यासाटी खोटं बोलू नगंस, लेकरा."

"खोटं नाही बोलत आजा!"

"तूच म्हणतीस न्हवं, सांगीवांगी धरायची न्हाई, कागद बगायचा? बगितलास. दोन मान्सं वाचत्यात, मशीन ताडून बगतं, तूच सांगितलंस. मग? आता म्हाताऱ्याला वाईट वाटलं म्हनून कागद खोटा व्हतुया का?" तिचं शिकणं तिच्याच पदरात टाकून तो पुन्हा वाल सोलायला लागला, पण शेंग उलगडायची ताकद काही त्याच्या बोटांत राहिली नव्हती.

तिनं बापाला सांगितलं. विश्रामनं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दगडावर नाव कोरून झालंय. गेणबानं माज्या हिच्यापुढं माफी मागितलीय. आता तू येक अक्षर बोललीस तर मी हितं राहायचा न्हाई." त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून चालणाऱ्या माणसाची भीती. तृप्तीनं विषय तिथंच सोडला.

तरी तिनं दप्तरखान्याला पत्र धाडलं. अमुक पानावरची नोंद चुकलेली आहे, मूळ कागदाची प्रत मिळेल का? उत्तर लवकर आलं, गोड भाषेत आलं. प्रत्येक नोंद दोन स्वतंत्र व्यक्तींनी वाचून पडताळलेली आहे, त्यामुळे चूक असण्याची शक्यता फार कमी. मूळ कागद जीर्णावस्थेमुळे बंद केले आहेत. आपल्याकडे काही पुरावा असल्यास जरूर पाठवावा. कंपनीतल्या संगणकांवरची त्या पानांची चित्रं काम संपताच पुसली गेली होती. मनीषकडे गेली तर तो आधीच नोकरी सोडून गावाकडे निघून गेला होता. जगात लाल शाईची ती ओळ दोघांनीच पाहिली होती आणि दोघांनीच ती पुसली होती. हेमलता मॅडमना सांगायचं तिनं दोनदा ठरवलं आणि दोनदा वर्गाच्या दारातून परत आली.

फळ्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोंडीरामनं न्हाव्याला बोलावणं धाडलं. विश्राम घरी आला तेव्हा म्हातारा डोकं आणि मिशी उतरवून ओट्यावर बसला होता. विश्राम चिडला. "दादा, आपण हे छप्पन साली सोडलंय. लोकं काय म्हणतील?"

"तुमी सोडलंय, मी बी सोडलंय," कोंडीराम म्हणाला. "माजा बाप सोडायच्या आदी मेलाय. त्येच्या मरणाला त्येच्या काळाची रीत." त्या रात्री म्हाताऱ्यानं घरात चूल पेटू दिली नाही. शेजारणीनं भाकऱ्या आणून दिल्या, त्याही त्यानं खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी विहारात सगळी वाडी जमली. निळे झेंडे लागले, वंदना झाली, फळ्यावरचा पडदा सरकवला. पाच नावं. भिवाजी गोंदा ओव्हाळ, बसरा येथे मृत्यू, १९१८. विश्राम नव्या शर्टात पुढच्या रांगेत बसला होता. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनी तृप्तीचं कौतुक केलं, अशा मुली वाडीवाडीत निघाल्या पाहिजेत म्हणाले. मग गेणबानं कोंडीरामला दोन्ही हातांनी धरून माइकपाशी आणलं. "बाबा, तुमी दोन शब्द बोला. वाडीनं तुमाला लई बोल लावला, आज तुमी बोला."

म्हातारा आयुष्यात कधी माइकवर बोलला नव्हता. भादरलेलं डोकं उन्हात चमकत होतं. त्यानं फळ्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि मग तृप्ती कुठं बसलीय ते शोधलं.

"माजा बाप नव्वद वर्सं जिता हुता," तो म्हणाला. "माज्या नातीनं त्यो मेल्याला शोधून दिला. लई शिकलीय पोरगी."

मग गेणबानं टाळी वाजवली आणि सगळी वाडी टाळ्या वाजवू लागली. सगळ्यात जोरात वाजवत होता तो विश्राम. तृप्तीनंही हात उचलू पाहिले, पण ते तिला उचलवेनात.